फेंगशुई सल्लागाराची घरभेट : पैसे नजरेचे द्यावेत, वस्तूंचे नव्हेत

घरात प्रसन्न वाटावे, झोप सुधारावी आणि मनावरचे मळभ थोडे दूर व्हावे, या हेतूने आम्ही पुण्यातील आमच्या दोन बेडरूमच्या सदनिकेसाठी फेंगशुईच्या, म्हणजे घराच्या दिशा व मांडणी पाहणाऱ्या चिनी शास्त्राच्या, एका सल्लागार बाईंची घरभेट घेतली. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण हे परीक्षण एका व्यक्तीचे नसून या सेवेचे आहे, आणि अशी सेवा आता पुणे-मुंबईत अनेक जण देतात. शुल्क ८,००० रुपये होते. त्यात प्रत्यक्ष भेट, घराच्या आराखड्यावर खुणा केलेला लेखी अहवाल आणि नंतरचे फोनवरचे शंकानिरसन एवढे अंतर्भूत होते. सुचवलेल्या वस्तूंचे पैसे वेगळे. माझे मत आरंभीच सांगते: भेटीचे पैसे पुरेपूर वसूल झाले, वस्तूंच्या यादीचे झाले नसते.

ही कल्पना आमच्या मुलीची. ती सिंगापूरला राहते आणि तिथे घर घेताना, दुकान थाटताना फेंगशुईचा सल्ला घेणे ही नित्याची बाब आहे. हाँगकाँगमध्ये तर एचएसबीसी बँकेच्या १९८५ साली पूर्ण झालेल्या मुख्यालयातील सरकते जिने फेंगशुईच्या सल्ल्यानुसार तिरपे बसवले आहेत आणि २००५ साली सुरू झालेल्या तिथल्या डिस्नेलँडचे प्रवेशद्वार त्याच कारणाने १२ अंशांनी फिरवले गेले. माझे पती निवृत्त झाल्यानंतर दिवसाचा बराचसा वेळ घरातच जाऊ लागला होता, त्यांची झोप तुटक झाली होती आणि संध्याकाळ झाली की दोघांनाही घरात बसवत नसे. घर तेच, माणसेही तीच, मग हा जडपणा कुठून आला, हे एखाद्या जाणत्या परक्या नजरेने पाहावे असे आम्हांला मनापासून वाटत होते.

भेटीपूर्वी बाईंनी एक प्रश्नावली पाठवली. घरातील सर्वांच्या जन्मतारखा, इमारत पूर्ण झाल्याचे वर्ष आणि मोजमापांसह आराखडा एवढे तर अपेक्षितच होते. इमारतीचे वर्ष विचारण्यामागे शास्त्रातला एक हिशेब आहे. काळाचे वीस-वीस वर्षांचे नऊ टप्पे मानले जातात. १९८४ ते २००३ हा सातवा, २००४ ते २०२३ हा आठवा आणि २०२४ पासून नववा. आमची इमारत १९९६ सालची, म्हणून सातव्या टप्प्यातली. पण प्रश्नावलीतले शेवटचे तीन प्रश्न मला सर्वांत मोलाचे वाटले. दिवसाच्या कोणत्या वेळी घरात बसवत नाही? त्या वेळी तुम्ही नेमके कुठे बसलेले असता? बसल्या जागेवरून समोर काय दिसते? या प्रश्नांची उत्तरे लिहिताना आम्हांला प्रथमच ध्यानात आले, की संध्याकाळी आम्ही दोघेही ज्या सोफ्यावर बसतो, त्याच्या समोर बंद टीव्हीचा काळा पडदा आणि डाव्या हाताला उंच शोकेस याखेरीज काहीही दिसत नाही.

प्रत्यक्ष भेट सुमारे अडीच तास चालली. बाईंनी आणलेले लुओपान हे चिनी होकायंत्र मी प्रथमच हातात घेतले. लाकडी चौकोनी पाटावर फिरणारी तबकडी, तिच्यावर एकात एक वर्तुळे, त्यांत चोवीस दिशाविभाग, प्रत्येक विभाग १५ अंशांचा. आमच्या दाराच्या लोखंडी जाळीपाशी सुई चांगलीच हलली, तेव्हा बाई जिन्याच्या मोकळ्या जागेत गेल्या, तिथून खाली वाहनतळाच्या बाहेर गेल्या आणि तीन ठिकाणांची मापे जुळल्यावरच त्यांनी आकडा लिहून घेतला. सिमेंटच्या इमारतीत गजांमुळे सुई फसते आणि पंधरा अंशांच्या विभागात सहा-सात अंशांची चूक झाली तरी सगळे गणित दुसऱ्याच घरात जाऊन पडते, असे त्यांनी समजावून सांगितले. मोबाइलच्या होकायंत्रावर एका जागी उभे राहून पाच मिनिटांत दिशा सांगणारे सल्लागारही आहेत. ज्या पद्धतीवर आपली श्रद्धा आहे ती तरी नीट पाळावी, ही बाईंची निष्ठा मला भावली.

त्यानंतर त्यांनी जे केले, ते कोणत्याही यंत्राविना होते. घरातील प्रत्येक खुर्चीवर, पलंगाच्या दोन्ही बाजूंना, अगदी स्वयंपाकघरातल्या स्टुलावरही त्या स्वतः जाऊन बसल्या आणि तिथून काय दिसते, काय ऐकू येते, पाठीमागे काय आहे, ते टिपून घेतले. फेंगशुईत याला महत्त्व आहे: बसणाऱ्याच्या व झोपणाऱ्याच्या पाठीशी भक्कम भिंत असावी, दार नजरेच्या टप्प्यात असावे, पण पाय थेट दाराच्या रेषेत नसावेत. आमच्या पलंगाचे उसे खिडकीखाली आणि पायथा थेट दारासमोर होता. "काकू, इथे झोपलेल्या माणसाला रात्री कोणी बाथरूमला उठले तरी जाग येणार, आणि उशाशी रस्त्यावरचा आवाज," असे बाई म्हणाल्या. दारासमोर पाय करून झोपू नये, याचे चिनी परंपरेतले कारण मृत्यूशी जोडलेले आहे. मला मात्र बाईंनी सांगितलेले हे साधे कारणच पटले आणि पलंग दक्षिणेच्या सलग भिंतीला लावल्यानंतर माझ्या पतींची झोप खरोखरच सुधारली.

याच पलंगावरून भेटीतला सर्वांत अवघड प्रसंग उद्भवला. फेंगशुईच्या एका शाखेत जन्मवर्षावरून प्रत्येकाचा क्वा अंक काढतात. विसाव्या शतकात जन्मलेल्या पुरुषासाठी सनाच्या शेवटच्या दोन आकड्यांची एकअंकी बेरीज दहातून वजा करायची. स्त्रीसाठी त्याच बेरजेत पाच मिळवायचे. पतींचा जन्म १९६० चा, म्हणून त्यांचा अंक चार. माझा १९६४ चा, म्हणून माझा सहा. चार अंकाची सर्वोत्तम दिशा उत्तर. आता उत्तरेकडे डोके करून झोपू नये, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते, आणि आमच्या घरात तर ते कुणाच्याच पचनी पडले नसते. बाईंनी हे ताणले नाही. चार अंकाला आरोग्यासाठी दक्षिणही उत्तम मानतात, असे सांगून त्यांनी दक्षिणेची भिंत सुचवली. परंतु सहा अंकासाठी, म्हणजे माझ्यासाठी, दक्षिण ही सर्वांत घातक दिशा ठरते. यावर त्यांचे उत्तर असे, की पती-पत्नींच्या दिशा जुळत नसतील तर घरातील कमावत्या व्यक्तीची दिशा धरावी.

या नियमाला माझा स्पष्ट आक्षेप आहे आणि तो मी त्यांना तिथेच बोलून दाखवला. मी उमेदीची सारी वर्षे शाळेत शिकवण्यात घालवली, घराचे निम्मे हप्ते माझ्या पगारातून गेले. कमावती व्यक्ती म्हणजे पुरुष हे गृहीत धरून एका व्यक्तीचे आरोग्य दुसऱ्याच्या दिशेपुढे गौण ठरवणारा नियम माझ्या मते अन्यायाचा आहे. शिवाय एका वर्षात जन्मलेल्या सगळ्या स्त्रियांना एकच अंक मिळत असेल, तर त्यावरून माझ्या प्रकृतीविषयी काय कळणार? मी त्याच दक्षिणेच्या भिंतीशी डोके करून आजही झोपते आणि माझ्या झोपेची काहीही तक्रार नाही. बाईंनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

घराच्या मनःस्थितीत खरा पालट घडवला तो दिवाणखान्यातल्या शोकेसने, किंवा तिच्या हलण्याने. पूर्वेच्या खिडकीचा अर्ध्याहून अधिक भाग या शोकेसने कित्येक वर्षे झाकून ठेवला होता. आत काचेची भांडी, मुलीची शाळेतली पदके, कधीच न वापरलेला टी-सेट. बाईंनी अहवालात या खिडकीपाशी लाल पेन्सिलीने गोल केला आणि पूर्वेकडून येणारी ची, म्हणजे त्यांच्या भाषेतली प्राणशक्ती, इथे अडली आहे असे लिहिले. सुताराकडून शोकेस हलवली तेव्हा मागे भिंतीवर जुन्या फिकट निळ्या रंगाचा तिच्या आकाराचा चौकोन निघाला, खिडकीच्या गजांवर गंजाचे पापुद्रे होते आणि एका कोपऱ्यात चिमणीच्या जुन्या घरट्याच्या काड्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ऊन थेट सोफ्यापर्यंत आले. पतींनी वर्तमानपत्र आणि चहा घेऊन तिथेच बसायला सुरुवात केली आणि दुपारच्या डुलक्या आपोआप कमी झाल्या.

प्राणशक्तीची भाषा ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठीही याचे कारण उपलब्ध आहे. ढगाळ दिवशीही बाहेरचा प्रकाश काही हजार लक्स असतो, तर ट्यूबलाइटच्या उजेडातील आपल्या खोल्यांत तो बहुधा १०० ते ३०० लक्स एवढाच भरतो. शरीरातले झोप-जागेपणाचे घड्याळ सकाळच्या भरपूर प्रकाशावर जुळते आणि ते जुळले की रात्रीची झोपही मार्गी लागते. खिडकीतून काय दिसते यालाही महत्त्व आहे. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियाच्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्या २३ जणांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते समोर विटांची भिंत असलेल्या २३ जणांपेक्षा काहीसे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. आमच्या खिडकीतून सोसायटीतले कडुनिंबाचे झाड दिसते. ते इतकी वर्षे तिथे होते, आणि आम्ही शोकेस पाहत बसलो होतो.

संध्याकाळच्या जडपणावरचा उपाय त्याहून सोपा निघाला. दिवाणखान्यातली निळसर पांढरी, ६५०० केल्विनची एलईडी पट्टी संध्याकाळी बंद ठेवून त्याऐवजी कोपऱ्यांत २७०० केल्विनचे पिवळसर दिवे लावावेत, असे बाईंनी सुचवले. बुधवार पेठेतल्या विजेच्या दुकानातून दोन दिवे आणि साधे शेड आणले, सगळे मिळून हजार रुपयांच्या आत. स्वयंपाकघरात आणि वाचनाच्या टेबलावर मात्र मी पांढरा प्रकाशच ठेवला आहे. भाजी निवडताना पिवळा उजेड कामाचा नाही.

अडगळीविषयी बाई फार आग्रही होत्या आणि त्यांचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. उघडताना दार ज्यावर आपटते तो चपलांचा ढीग, पलंगाखालच्या बॅगा, माळ्यावरची जुनी बिले. लॉस एंजेलिसमध्ये डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी ६० पती-पत्नींवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. आपल्या घराचे वर्णन करताना ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे यांचा उल्लेख अधिक आला, त्यांच्यात कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची दिवसभरातली नैसर्गिक उतरण मंद आढळली आणि दिवस सरताना त्यांची उदासीही वाढलेली दिसली. पसारा हे त्याचे कारण की परिणाम, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण पसारा आवरण्याचे ओझे घरात कुणाच्या मनावर असते, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही, आणि म्हणूनच अडगळ काढण्याचे काम आम्ही दोघांनी वाटून घेतले.

आता वस्तूंविषयी. अहवालाच्या शेवटच्या पानावर एक यादी होती: सहा नळ्यांची पितळी पवनघंटा, स्फटिकाचा गोळा, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक, लाफिंग बुद्धा, मिठाचा दिवा, लकी बांबू आणि उत्तरेच्या कोपऱ्यात लहानसे कारंजे. बाईंच्या ओळखीच्या दुकानातून घेतले तर एकूण खर्च शुल्काच्या दुपटीहून अधिक झाला असता. वस्तू घेण्याची सक्ती नव्हती, हे खरे. तरीही जो सल्लागार उपाय सांगतो त्यानेच उपायाची वस्तू विकणे किंवा विकणाऱ्याचा पत्ता देणे मला अयोग्य वाटते. मिठाच्या दिव्यातून निघणारे ऋणभारित आयन, म्हणजे विद्युतभारित कण, हवा शुद्ध करतात असे सांगतात, पण त्यातून तेवढे आयन बाहेरच पडत नाहीत. पवनघंटेचा नाद एखाद्याला आवडेलही, पण सदनिकांच्या इमारतीत रात्री वारा सुटला की तो शेजाऱ्याच्या झोपेत जातो. लाफिंग बुद्धाबद्दल एवढेच, की तो गौतम बुद्धांचा पुतळा नव्हे. दहाव्या शतकातील बुदाई या चिनी भिक्षूची ती लोककथेतली मूर्ती आहे, आणि ज्या महाराष्ट्रात लाखो लोक बुद्धांना वंदन करतात तिथे दुकानदारांनी हा फरक ग्राहकाला आवर्जून सांगावा.

लकी बांबू आणि कारंजे यांच्याबाबत मात्र मी सावधगिरीचा इशाराच देईन. लकी बांबू हा बांबू नाहीच. ती मध्य आफ्रिकेतली ड्रॅसिना जातीची वनस्पती आहे आणि ती पाण्यात उभी ठेवतात. चीनहून जहाजाने आलेल्या याच रोपांच्या पाण्यातून २००१ साली टायगर मॉस्किटो नावाचा, डेंग्यू पसरवू शकणारा डास कॅलिफोर्नियात पोहोचला होता. आपल्याकडे पावसाळ्यात आरोग्य कर्मचारी घरोघरी येऊन फुलदाण्या आणि फ्रिजमागचे पाणी तपासतात आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, ते उगीच नाही, कारण अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. समृद्धीसाठी उत्तरेला पाणी ठेवायचे असेल तर ते दर आठवड्याला ओतून, भांडे घासून पुन्हा भरायला हवे. ही सूचना अहवालात छापलेली असायला हवी होती, ती नव्हती. आम्ही कारंजे घेतले नाही. झाडे हवीत म्हणून गॅलरीत मातीच्या कुंड्यांत तुळस, गवती चहा आणि मोगरा लावला.

अहवालातली दुसरी मोठी उणीव पद्धतींच्या सरमिसळीची आहे. घराचे आठ विभाग पाडणारा बाग्वा नावाचा तक्ता असतो. पारंपरिक शाखेत तो होकायंत्रानुसार ठेवतात. लिन युन यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेत रुजवलेल्या शाखेत तो प्रवेशद्वाराकडून ठेवतात, दिशा कोणतीही असो. पहिल्या पद्धतीने आमचा समृद्धीचा कोपरा आग्नेयेला स्वयंपाकघरात येतो, दुसऱ्या पद्धतीने तोच कोपरा शौचालयात. बाईंनी दोन्ही पद्धती वापरल्या आणि कोणत्या सूचनेला कोणता आधार, हे लिहिले नाही. मी फोनवर विचारल्यावर त्यांनी प्रत्येक मुद्दा मोकळेपणाने उलगडून सांगितला, पण पैसे देणाऱ्याला हे न विचारता कळले पाहिजे.

वास्तुशास्त्र मानणाऱ्यांच्या मनात आणखी एक गोंधळ उडतो. आपल्याकडे दक्षिणमुखी दार टाळतात, तर चीनमध्ये दक्षिणाभिमुख घर सर्वोत्तम मानतात. चीनच्या उत्तर भागात हिवाळ्यात बोचरे वारे उत्तरेकडून येतात आणि ऊन दक्षिणेकडून मिळते, म्हणून तिकडची ती निवड शहाणपणाची आहे. पुण्यात मेच्या मध्यास सूर्य थेट डोक्यावर असतो, पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो आणि एप्रिलच्या दुपारी पश्चिमेच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात. इथल्या घरासाठी नियम इथल्या हवेतून यावेत, अशी माझी ठाम धारणा आहे. बाईंनी आमचे ईशान्येचे देवघर हलवायला सांगितले नाही, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदे सुचवले आणि या बाबतीत पुस्तकापेक्षा घराकडे पाहिले.

सर्वच सल्लागार असे नसतात. आधी ज्या एका सल्लागाराशी फोनवर बोलणे झाले होते, त्यांनी घर न पाहता केवळ आराखड्यावरून शौचालयाच्या जागेमुळे घरात मोठे आजारपण येईल असे सांगितले आणि लगेच उपायांचे दर सांगितले. मन खचलेल्या माणसाला अशी भीती घालणे हे मी क्रूर मानते. भीतीने बोलणे सुरू करणाऱ्याला घरात बोलावूच नये. त्याचबरोबर, उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, जेवण-झोप बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर पलंगाची दिशा बदलून भागणार नाही. डॉक्टरांकडे जावे, किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. आमच्या बाईंनी पतींशी बोलताना हे स्वतःहून विचारले होते, आणि त्यांच्यावरचा माझा विश्वास तिथेच बसला.

दर फेब्रुवारीत चिनी पंचांगानुसार फेंगशुईतले तारे जागा बदलतात असे मानतात, म्हणून वार्षिक भेटीची एक योजना त्यांनी देऊ केली होती, ती आम्ही घेतली नाही. घर तेच आणि खिडकी एकदा मोकळी झालेली असताना दरवर्षी पुन्हा पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनाही पूर्ण शुल्काची भेट सुचवणार नाही. त्यांनी पलंग, दिवे आणि खिडक्या यांपासून आपले आपणच सुरुवात करावी. ज्यांचे नवे घर ताब्यात यायचे आहे किंवा ज्यांच्याकडे सुतारकाम निघाले आहे, त्यांना मात्र ही भेट मी आवर्जून सुचवेन. वस्तू घेणार नाही हे आधीच स्पष्ट सांगावे, अहवालात प्रत्येक सूचनेमागची पद्धत लिहून मागावी, रीतसर पावती घ्यावी आणि भिंतीतली कपाटे ठोकली जाण्यापूर्वीच बोलावावे.